भेटवहीची कोरी पानं

सोलापुरातल्या एका वृद्धाश्रमात शिरल्या शिरल्या टेबलावर भेटवही असते. तारीख, नाव, मंडळ, काय दिलं, अभिप्राय, असे रकाने आखलेले. व्यवस्थापकांची वाट बघत बसलो होतो म्हणून चाळली. पंधरा ऑगस्टला एका दिवसात पाच गट. गणपतीचे दहा दिवस म्हणजे गच्च भरलेली दोन पानं. दिवाळीत तर रकाने पुरले नाहीत, समासात आडवं लिहिलेलं. फराळ, फळं, शाली, परत फळं. अभिप्राय जवळपास सगळीकडे एकच : ‘खूप समाधान वाटलं.’ कोणाला, ते लिहिलेलं नव्हतं. भाऊबीज झाली आणि वही कोरी पडली. संक्रांतीपर्यंत दोनच नोंदी, त्यातली एक पाण्याची मोटर दुरुस्त करायला आलेल्याची.

भरलेल्या पानांत आमच्याही गटाचं नाव होतं. पहिली दोन वर्षं आम्हीही तेच केलं. स्पीकर लावला, पोरींचे नाच बसवले, शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले आणि साडेसहाला घरी. तिसऱ्या वर्षी एका आजींनी विचारलं, “दरवर्षी तुम्हीच का नाचलालाव? आम्ही नुसतं बघत बसायचं काय?” त्यानंतर आम्ही जे शिकलो, ते इथे मांडतो. तुमचं मंडळ, भिशी, शाळा किंवा घरातली चार माणसं यंदा आश्रमात सण करायच्या विचारात असाल, तर उपयोगी पडेल.

पहिली फेरी रिकाम्या हाताने मारा. सणाच्या निदान तीन आठवडे आधी. व्यवस्थापकांशी बोला, पण त्याहून जास्त तिथल्या मावशींशी आणि मामांशी बोला, म्हणजे जे अंघोळ घालतात, भरवतात, रात्री उठवतात त्यांच्याशी. साखर कोणाला आहे, घास कोणाला अडकतो, अंथरुणाला कोण खिळलंय, कानाने कोण अधू आहे, गर्दी कोणाला सोसत नाही आणि कोणाला सण नकोच आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. वेळ ठरवायची ती दुपारी चार ते साडेपाच. वामकुक्षी झालेली असते, चहा झालेला असतो, रात्रीचं जेवण आणि गोळ्या पुढे असतात. अंधार पडायच्या आत आटपायला आणखी एक कारण आहे. स्मृतिभ्रंश असलेली माणसं तिन्हीसांजेला जास्त गोंधळतात, घाबरतात, ‘घरी जायचंय’ म्हणून उठतात. त्या वेळी ढोल-ताशा नको.

स्पीकरचं एकदाच सांगून टाकतो. श्रवणयंत्र सगळेच आवाज वाढवतं, हवे तेवढेच नाही. मोठा स्पीकर लागला की आजोबा पहिल्यांदा यंत्र काढून खिशात टाकतात आणि पुढचा तासभर ओठांकडे बघत हसतात. तुम्हाला वाटतं, रमले. खुर्च्या अर्धगोलात मांडा, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडू द्या आणि आवाज गळ्यातून काढा.

आता मुख्य गोष्ट. सण म्हणजे आपल्याकडे आधी काम असतं. निवडणं, सोलणं, कुटणं, वळणं, ओवणं, कोण आलं, कोणाला काय द्यायचं याचा हिशेब. सणाचा दिवस तासाभरात उरकतो, त्याच्या आधीचे आठ दिवस घर भरलेलं असतं. वृद्धाश्रमात आपण नेमके ते आठ दिवस काढून घेतो आणि उरलेला तास ताटात वाढून नेतो. म्हणून आमच्या गटाचा नियम झाला आहे : आयतं काही न्यायचं नाही, अर्धं काम तिथे न्यायचं.

नवरात्राच्या आधी आम्ही कापूस घेऊन गेलो. एक तेलुगू आजी, शहराच्या पूर्व भागात आयुष्य गेलेलं, दहाव्या वर्षापासून विड्या वळलेल्या. सोलापुरात हजारो घरांत तेच चालत आलंय, हजार विड्यांमागे मजुरी. त्या फारशा बोलत नसत. कापसाचा पुंजका हातात दिला तेव्हा त्यांनी आधी तो नाकाशी नेला, मग मांडीवर सूप मागितलं. सूप नव्हतं, ताट दिलं. अंगठा आणि दोन बोटं अशी काही फिरली की वात एकसारखी, टोकाला तीच ती विडीची दुमड. पंचवीस झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची, बाजूला ठेवायची. आमच्यातली एकजण मदतीला बसली तर तिच्या वाती उलगडून परत वळल्या, न बोलता. तासाभरात आठ जुड्या. नऊ दिवसांच्या आरतीला त्याच वाती वापरल्या आणि रोज संध्याकाळी आजी उठून बघून जायच्या, नीट जळताहेत का.

हेच गणित बाकीच्या सणांनाही लावता येतं. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आजोबा गणपतीची परंपरा १८८५ पासूनची सांगितली जाते, म्हणजे लोकमान्यांच्या १८९३ च्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीची. ज्या गावच्या मानाच्या गणपतीलाच ‘आजोबा’ म्हणतात, तिथल्या आजोबांना आरतीच्या वेळी मागच्या खुर्चीत का बसवायचं? आश्रमात शाडूची वीतभर मूर्ती आणा, रंग तिथेच द्या, दुर्वांच्या एकवीसच्या जुड्या त्यांना बांधू द्या, प्रसाद कोणता करायचा यावर त्यांना भांडू द्या. विसर्जन अंगणात पिंपात. आरती म्हणणारा सत्तरीच्या पुढचाच हवा, चाल कितीही संथ असली तरी. संथच असते, बरं वाटतं.

सोलापूरकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. आपल्या आश्रमांत मराठी सणांची पट्टी सगळ्यांना लावून चालत नाही. एका खोलीत कानडी, दुसरीत तेलुगू, तिसरीत दख्खनी उर्दू बोलणारी माणसं असतात. तेलुगू बायकांची बतुकम्मा नवरात्राच्या सुमारास असते. ताटात रंगीत फुलांचे थर एकावर एक रचत शिखर करायचं आणि भोवती गाणी म्हणत फेर धरायचा. उभं राहता येत नसेल तर ताट मधे आणि खुर्च्या भोवती, टाळ्यांचा फेर. गाणी शिकवावी लागत नाहीत. राखी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, तेव्हा मंडळातल्या दोन माणसांनी वेळ काढून आश्रमात प्रसाद आणावा आणि दहा मिनिटं तेलुगूत बोलावं. ईदचा शीरखुर्मा एकाच चाचांसाठी आला तरी वाटी सगळ्यांना. कानडी वचनं म्हणणारी भजनी मंडळी गावात शोधावी लागत नाहीत, फक्त बोलवावी लागतात.

खाण्यात सगळ्यात उत्तम सण कोणता म्हणाल तर मी वेळ अमावास्या म्हणेन. मार्गशीर्षातली अमावास्या. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, पलीकडे धाराशिव-लातूरकडची माणसं येळवस म्हणतात आणि डबे बांधून शेतात जातात. शहरातल्या मंडळांच्या यादीत हा सण नसतोच. पण आश्रमातले निम्मे लोक खेड्यातून आलेले. सकाळी ताज्या शेंगांचा ढीग टेबलावर ओता, तूर, पावटा, वाटाणा, हरभरा. सोलायला दहा जण आपोआप गोळा होतात, सोलता सोलता कोणाचं रान कुठे होतं ते निघतं. भज्जी मऊ, आंबील पातळ, उंडे कुस्करून खाता येणारे. दात नसलेल्याला असा दुसरा सण नाही. भज्जीत बेसन किती लावायचं यावर आमच्याकडे दोन आजींचा अबोला झाला होता, चार दिवस टिकला. मी तो कार्यक्रमाचा यशस्वी भाग धरतो.

उलट संक्रांतीचा कडक तिळगूळ, चिक्की, भाजके शेंगदाणे सांभाळून. कवळीत अडकतात, घशात गेले तर जीवावर बेततं. तीळ-दाण्याची पूड करून मऊ वडी करा. सोलापूरची कडक भाकरी द्यायची तर आमटीत किंवा दुधात चुरून, पुरणपोळी दुधात भिजवून. पेढे-लाडू पाकिटातून वाटू नका. म्हातारी माणसं तो पेढा खात नाहीत, उशीखाली ठेवतात, नातू येईल म्हणून. नातू येत नाही, मुंग्या येतात. बशीत थोडं वाढा, शेजारी बसा, तिथेच खाऊ द्या. उपासाचं आधीच डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोटात काही नसलं की साखर एकदम खाली येते, आणि साबुदाण्याच्या खिचडीने ती वर उसळते. ‘आजवर एकादशी मोडली नाही’ म्हणणाऱ्या आजोबांशी वाद घालू नका. भगर, ताक, राजगिरा वेळेवर पुढे ठेवा.

संक्रांतीवरून हळदीकुंकवाकडे येतो. आश्रमातल्या बहुतेक बायका विधवा असतात. एका गटाने तिथे ‘सुवासिनींचं हळदीकुंकू’ ठेवलं होतं. चौघी समोर बसल्या आणि बाकीच्या आपापल्या खोलीत गेल्या, कोणी जा म्हटलं नाही तरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्याला जमलं ते आपल्याला एका दिवाणखान्यात जमायला हवं. निमंत्रणात ‘तिळगूळ समारंभ, सर्वांसाठी’ असं लिहा. हळद, कुंकू, गजरा यांचं तबक प्रत्येकीसमोर न्या आणि थांबा. काही जणी बोट पुढे करतात. काही जणी नको म्हणतात, तेही ठीक. कपाळाला बळेबळे लावून फोटो काढणं हा दुसरा अपमान. गजरा मात्र अजून कोणी नाकारलेला मला आठवत नाही.

वाण काय द्यावं? शाल देऊ नका. एका आजोबांच्या कपाटात मी अकरा शाली मोजल्या, अंग पुसायचा पंचा मात्र विरलेला. टॉवेलच्या गावात! टॉवेल द्या, पलंगाच्या मापाची चादर द्या, रबरी तळाच्या सपाता, नेलकटर, मऊ मोजे, प्रौढांचे डायपर. यादी आश्रमाकडे असते, विचारली की मिळते.

दिवाळीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त माणसं येतात आणि सगळ्यात महत्त्वाचं काम कोणी करत नाही. नरक चतुर्दशीला निम्म्या मावशी रजेवर असतात, त्यांच्याही घरी पहिली अंघोळ असते. आपण फराळ घेऊन अकरा वाजता जातो. जायचं ते सकाळी सातला, तेल घेऊन. पहाटे चारला कोणाला उठवायची गरज नाही, थंडीत तर नाहीच. कोणाची हरकत नाही ना, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. बायकांना बायकांनी, पुरुषांना पुरुषांनी. तेल खोलीतच लावायचं, खुर्चीवर बसवून, खाली जुनी चादर. न्हाणीघरात तेल सांडलं की खुब्याचं हाड गेलंच समजा. तळपाय कोरडे पुसल्याशिवाय उठवायचं नाही. पाणी आपल्या कोपराने तपासायचं, त्यांच्या पाठीवर नाही. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, उटणं खसाखसा चोळायचं नाही, दुधात कालवून नुसतं लावायचं. कुठे जखम, पुरळ, सूज दिसली तर लगेच सांगायचं. अंघोळ मावशी-मामांच्या देखरेखीखाली.

पहिल्यांदा मी ज्यांच्या डोक्याला तेल लावलं ते आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. चार महिन्यांत माझ्याशी चार शब्द बोलले नव्हते. मी घाबरत घाबरत बोटं फिरवत होतो. डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, “जरा जोर लाव बे. जेवलास नाही काय?” मग त्यांनी माझा हात धरून टाळूवर नेमका कुठे दाबायचा ते दाखवलं. त्यांच्या अंगाला किती दिवसांत कोणी गोळी देण्याखेरीज हात लावला असेल, हे मला तेव्हा सुचलं.

बाकी दिवाळीचं थोडक्यात. ऑक्सिजन लावलेल्या खोलीत पणती, उदबत्ती, आरतीचं ताट यांपैकी काहीही नाही, विजेची माळ चालेल. नायलॉनच्या साड्यांचे पदर पणतीपासून लांब. फटाके नकोत, दम्याची माणसं आहेत. रांगोळी वाटेत न काढता भिंतीकडेला किंवा पाटावर, कारण फरशीवरच्या रांगोळीवरून पाय सटकतो. भाऊबीजेला ओवाळायला जरूर जा, पण ‘मुलं येतात का हो?’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही. कोणी रडलं तर रडू द्या, ‘रडायचं नाही हं, सण आहे’ म्हणू नका. रंगपंचमी आपल्याकडे जोरात, तरी इथे ओले रंग नकोत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे असतात. झेंडूच्या पाकळ्या पुरतात.

फोटोचंही इथेच. आधी विचारा. काहींनी आपण आश्रमात राहतो हे गावी कळू दिलेलं नसतं. तुमच्या मंडळाच्या पानावर त्यांचा चेहरा झळकला तर ते कळतं.

गड्ड्याची यात्रा हा सोलापूरच्या माणसाचा जीव. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता, होम, शोभेचं दारूकाम. अंथरुणावरच्या माणसालाही पौष आला की दिवस मोजता येतात. पण अक्षतेच्या दिवशी चाकाची खुर्ची घेऊन, अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याकडे निघालात तर अर्ध्या वाटेवरून परत याल. आम्ही आलो होतो. त्या दिवशी सगळ्यांना पांढरे कपडे घालून आश्रमातच टीव्हीसमोर बसवा, हातात अक्षता द्या, गजर झाला की टाकू द्या. दर्शन आणि गड्डा मात्र चार-सहा दिवसांनी, आडवारी, सकाळी. होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं महिनाअखेरपर्यंत असतात. निघण्याआधी आपल्यापैकी एकाने जाऊन तीन गोष्टी बघायच्या : स्वच्छतागृह कुठे, गाडी कुठवर जाते, बसायला कुठे मिळेल. प्रत्येक दोघांमागे एक धडधाकट माणूस. खिशात नाव आणि फोनची चिठ्ठी. दुपारच्या गोळ्या सोबत. परतायची वेळ अकरा, उशीर नाही. आणि खर्चायला प्रत्येकाच्या हातात पन्नास रुपये, आपले आपण खर्चायला. एका आजींनी त्यातून बांगड्या घेतल्या, मापाला लहान निघाल्या. बदलून आणायला मीच गेलो.

जिथे नेता येत नाही तिथे रस्ताच दारात येतो का ते बघा. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला जाताना सोलापुरातून जाते. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरकडे पायी निघालेल्यांनी तुळजापूर रस्ता रात्रभर भरलेला असतो. तुमचा आश्रम अशा रस्त्यालगत असेल तर फाटकाशी टेबल टाका, पाण्याचे पेले, चहा, राजगिऱ्याचे लाडू, आणि मागे आजी-आजोबा. वर्षभर घेणारे हात त्या रात्री देतात. दहाच्या पुढे एकालाही झोपायला जायचं नसतं, तेवढं मावशींना आधी सांगून ठेवा.

सण नसलेल्या दिवसांचं काय, तर भेटवहीची कोरी पानं तीच. तिथे फार खर्च लागत नाही, नेम लागतो. शाळेची पोरं नाचायला आणू नका, प्रश्न घेऊन आणा, आणि दर वेळी तीच पोरं. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फाशी गेले. आज पंच्याऐंशीच्या असलेल्या माणसाने ते पाहिलेलं नाही, पण सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉच्या गोष्टी बापाच्या तोंडून ऐकलेल्या असतात. हुतात्मा दिनाच्या आठवड्यात पोरांनी ते विचारावं. एकदा आम्ही मोठा कागद पसरून ‘जुनं सोलापूर काढा’ म्हटलं. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, कोणाचा भोंगा आधी व्हायचा, कोणत्या बोळातून पाळीला जायचे. तीन आठवडे कागद पुरला नाही. पत्ते, कॅरम, आकाशवाणी, पेपरचं सामुदायिक वाचन हेही चालतंच. पेपर वाचताना निधनवार्ता गाळू नका, त्या आधी विचारल्या जातात.

असं वारंवार जाऊ लागलं की कधी कोणी हळूच काही सांगतं. जेवण कमी पडतं, कोणी ओरडतं, सही करून घेतली. ऐकून घ्या, जागच्या जागी भांडू नका, आश्वासनं देऊ नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभरची मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, तिथे विचारून पुढचं पाऊल टाका.

आणि निघताना ‘पुन्हा येऊ हं’ म्हणू नका. तारीख सांगा. आम्ही जेवणघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने गोल करतो आणि खाली काम लिहितो : शेंगा, वाती, कागद. ज्या महिन्यात येणं जमणार नाही, त्या महिन्यात गोल करत नाही. मागच्या खेपेला चप्पल घालत होतो, तर विडीवाल्या आजी भिंतीला धरून कालनिर्णयापाशी उभ्या. गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, “मंगळवार म्हणलास. कापूस मागच्यासारखा आणू नको, त्यात सरकी होती.”